प्रोग्रॅमची लेखनशुद्धी



माझा विषय इतिहास. जुन्या दफ्तरांतले कागद वाचण्यात ज्याच्या उमेदीची वर्षं गेली, त्याने संगणकाच्या प्रोग्रॅमविषयी चार शब्द सांगावेत, हे कोणालाही चमत्कारिक वाटेल. मलाही वाटलं असतं. पण काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. इतिहास सोडून तो केव्हाच संगणकाकडे वळला आहे. एका शिक्षणसंस्थेच्या फीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम दुरुस्त करण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. काही मुलांवर नसलेला विलंब-आकार चढत होता. पालक हेलपाटे घालत होते, आणि खिडकीवरचा कारकून 'संगणक सांगतो' एवढंच उत्तर देत होता. प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो गृहस्थ नोकरी सोडून गेल्याला बरीच वर्षं झालेली.

मी विचारलं, "अरे, मग वाच की तो प्रोग्रॅम. चूक कुठे आहे ते कळेल."

तो म्हणाला, "सर, तो चालतो, पण वाचता येत नाही. तुमची मोडी परवडली."

मोडीचं नाव निघाल्यावर मी सावरून बसलो. ज्यांनी मोडी कागद हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे: आधी आडवी रेघ मारायची, तिच्याखाली हात न उचलता अक्षरं ओढत जायचं, शब्द कुठे संपला ते दाखवायचं नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. लिहिणाऱ्या कारकुनाला व वाचणाऱ्या फडणिसाला त्याची अडचण नव्हती, कारण प्रकरण दोघांनाही तोंडपाठ असे. अडचण होते ती दोनशे वर्षांनी येणाऱ्या माझ्यासारख्याला. मराठीत विरामचिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छापखान्याच्या आणि इंग्रजीच्या वळणाने. मेजर कँडीसाहेबांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणजे कागद परक्या वाचकाला लागावा म्हणून आपल्या भाषेलाही मुद्दाम खटपट करावी लागली.

प्रोग्रॅमच्या भाषांनीही अशी खटपट केली का? विद्यार्थी म्हणाला, केली आहे, आणि तिचा इतिहास आहे. 'इतिहास' म्हटल्यावर माझी सुटका नव्हती. त्या शोधातलं काही तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. प्रोग्रॅम हा असा मजकूर आहे की त्याला वाचक दोन. एक यंत्र, एक माणूस. बहुतेक भाषांत यंत्राला ओळ आत सरकवली की बाहेर ठेवली याच्याशी काही कर्तव्य नसतं. चलाला, म्हणजे ज्या नावाखाली एखादी रक्कम ठेवायची त्या नावाला, 'विलंब-आकार' म्हटलं काय किंवा नुसतं 'क्ष' म्हटलं काय, त्याला सारखंच. माणसाचा मात्र सारा भर याच गोष्टींवर. ओळ आत सरकलेली दिसली की तो समजतो, ही वरच्या ओळीच्या हुकमातली. या दोन वाचकांचं जिथे पटत नाही तिथे अनर्थ होतो.

प्रोग्रॅम तपासण्याच्या रीतीही दोन. एक, चालवून पाहायचा आणि उत्तर बरोबर येतं का बघायचं. दुसरी, न चालवता नुसता वाचून तपासायचा. आपल्या घरात तांदूळ शिजवण्याआधी ताटात पसरून निवडतात. खडा दाताखाली आल्यावर कळतोच, पण तोवर उशीर झालेला असतो. हे निवडण्याचं काम ज्या प्रोग्रॅमवर सोपवतात त्याला 'स्टॅटिक अॅनालिसिस' करणारं हत्यार म्हणतात. प्रोग्रॅम वाचणारा प्रोग्रॅम, असं समजा.

आता सुरुवातीकडे जाऊ. १९५७ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान ही भाषा वापरात आणली. त्या काळी प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रं पाडून लिहीत. एका कार्डावर ८० स्तंभ. पहिले पाच आज्ञेच्या क्रमांकासाठी, सहावा मागची ओळ चालू असल्याची खूण करण्यासाठी, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत खरी आज्ञा. पुढचे आठ यंत्र वाचतच नसे. कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा म्हणून तिथे अनुक्रमांक टाकीत. म्हणजे लेखनाचा पहिला नियम पुठ्ठ्याच्या मापाने ठरला, वाचणाऱ्याच्या सोयीने नव्हे.

त्यात या भाषेची एक खोड होती. शब्दांमधली मोकळी जागा ती हिशेबातच घेत नसे. मोडीची सख्खी बहीण! एखादी क्रिया दहा वेळा करायची तर 'डीओ १० आय = १,१०' असं लिहायचं. स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं, तर यंत्र साऱ्या मोकळ्या जागा गिळून 'डीओ१०आय' नावाचं एक नवंच चल तयार करी आणि त्यात एक पूर्णांक दहा ही किंमत ठेवून पुढे चालू लागे. तक्रार नाही, काही नाही. दहा वेळा व्हायचं काम एकदाच होई.

या टिंबाने मरिनर यान बुडवलं, अशी एक कथा पुस्तकांतून फिरत असते. इतिहासाचा माणूस म्हणून ती इथेच दुरुस्त करतो. मरिनर १ हे यान २२ जुलै १९६२ रोजी उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट करावं लागलं, हे खरं. पण तिथला दोष निराळा होता. समीकरण उतरवून घेताना एका अक्षरावरची आडवी रेघ राहून गेली होती. टिंबाची गोष्ट मर्क्युरी योजनेच्या काळातल्या एका प्रोग्रॅमची आहे, आणि तिथे ती चूक वेळीच सापडली. दोन कथा मिसळून एक रंगतदार कथा झाली. इतिहासात हे नेहमीचंच.

साठीच्या दशकात प्रोग्रॅम मोठे होऊ लागले. एकाने लिहायचा, दुसऱ्याने सांभाळायचा, तिसऱ्याने वाढवायचा, असं सुरू झालं, आणि 'वाचता येत नाही' ही ओरड ऐकू येऊ लागली. मार्च १९६८ मध्ये डच शास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांचं एक पत्र अमेरिकेतल्या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं. 'गोटू' म्हणजे 'अमक्या ठिकाणी जा' या आज्ञेविरुद्ध त्यांची तक्रार होती. या आज्ञेने प्रोग्रॅम इकडून तिकडे उड्या मारतो, आणि वाचणाऱ्याला तो आता कुठे आहे याचा माग राहत नाही. पत्राला 'गोटू अपायकारक आहे' अशा अर्थाचा झणझणीत मथळा मिळाला. तो मथळा मात्र डाइक्स्ट्रांचा नव्हे; संपादक निकलाउस व्हिर्ट यांनी दिलेला. १९७४ साली ब्रायन कर्निगन आणि पी. जे. प्लॉगर यांनी प्रोग्रॅमच्या लेखनशैलीवर एक छोटं पुस्तक काढलं. त्यात त्यांनी वाईट लेखनाचे नमुने घेतले ते चक्क त्या वेळच्या छापील पाठ्यपुस्तकांतून, आणि एकेक सुधारून दाखवला. आमच्या धंद्यातल्या मंडळींनी यापासून बोध घ्यावा, पण ते असो.

१९७६ मध्ये थॉमस मॅकेब यांनी गुंतागुंत मोजायला माप सुचवलं. प्रोग्रॅमच्या एका तुकड्यात 'जर असं तर तसं' असे फाटे किती, ते मोजा, त्यात एक मिळवा. आकडा दहाच्या वर गेला तर तुकडा फोडा. माप ढोबळ आहे, पण ते यंत्राला मोजता येतं, हे महत्त्वाचं. कारण तोवरचे सगळे उपदेश माणसाने माणसाला केलेले. आणि उपदेशाचं काय होतं, हे वर्गात पंचवीस मिनिटं बोललेल्या कोणालाही सांगायला नको.

आता या कथेच्या मध्यावर येतो. न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत साठीच्या दशकाच्या अखेरीस युनिक्स ही व्यवस्था आणि सत्तरीच्या दशकात 'सी' ही भाषा जन्माला आली. सी भाषा मोठी मोकळ्या स्वभावाची. तुम्ही म्हणाल ते ती करून देते. शहाणपणाचं आहे का, हे विचारत नाही. तिथलेच एक संशोधक स्टीफन जॉन्सन. युनिक्स एका प्रकारच्या यंत्रावरून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर न्यायचा तर पहिल्या यंत्रावर खपून गेलेल्या बारीकसारीक चुका दुसऱ्यावर उठून बसत. त्या आधीच हुडकण्यासाठी त्यांनी एक तपासनीस प्रोग्रॅम रचला, आणि १९७८ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. नाव ठेवलं 'लिंट'. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारे कापसाचे, लोकरीचे बारीक तंतू. कपडा फाटलेला नसतो, मळलेलाही नसतो. पण झटकल्याशिवाय अंगावर घालू नये.

लिंट कशाकशावर बोट ठेवी? चल तयार केलं आणि कुठेच वापरलं नाही. चलात किंमत टाकण्याआधीच ती मागितली. तुकडा कधी उत्तर देतो, कधी नुसताच परत येतो. एका ठिकाणी दोन वस्तू मागितल्या, दुसऱ्या ठिकाणी तीन पाठवल्या. आणि एक तक्रार विशेष ध्यानात ठेवा, कारण तिचं काम पुढे पडणार आहे: 'या ओळीपर्यंत यंत्र कधी पोचणारच नाही.' फोर्ट्रानमधलं ते 'डीओ१०आय' आठवतं ना? वापर नसलेलं चल. अशा नजरेखाली ते लगेच पकडलं गेलं असतं.

तुम्ही म्हणाल, भाषांतर करून यंत्राला देणारा कंपायलर होताच, त्यानेच हे का पाहू नये? जॉन्सन यांनी याचं उत्तर दिलेलं आहे. कंपायलरला घाई असते. लिंटने सावकाश, साऱ्या प्रोग्रॅमवर एकत्र नजर टाकून पाहायचं. कोर्टाचा बेलिफ आणि घरचे आजोबा यांत जो फरक, तो हा. आणि आजोबांना गप्प करण्याचीही सोय त्यांनी ठेवली होती. 'ही ओळ गाठली जाणार नाही, हे मला ठाऊक आहे' अशी ठरावीक टीप प्रोग्रॅममध्ये लिहिली की लिंट त्या जागी बोलत नसे. गंमत अशी की यंत्राला उद्देशून लिहिलेली ही टीप पुढच्या माणसालाही कामाला येई. त्याला कळे की आधीच्याने हे जाणूनबुजून केलं आहे.

लिंट चुका शोधी. रूप हा निराळा प्रश्न होता. सी भाषेत आज्ञांचा गट महिरपी कंसात ठेवतात. उघडता कंस त्याच ओळीच्या शेवटी लिहावा की खालच्या ओळीवर, यावर भल्या भल्या माणसांनी तलवारी उपसल्या आहेत. ओळ आत सरकवायची ती दोन घरं, चार की आठ? आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून काय काय झालं ते आठवलं म्हणजे हसू येणार नाही. ओळी नीट मांडून देणारी हत्यारंही आली. १९८३ च्या बर्कलीच्या युनिक्समध्ये 'इंडेंट' नावाचं असंच एक हत्यार होतं. पण त्याला इतके पर्याय होते की वाद मिटण्याऐवजी पर्यायांवर होऊ लागला.

पायथन भाषेच्या मंडळींनी २००१ साली लेखनाचे नियम लिहून काढले. भाषेचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांचा मुद्दा साधा होता: प्रोग्रॅम लिहिला जातो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा वाचला जातो. त्या नियमांत ओळीची लांबी ठेवली ७९ अक्षरं. ही संख्या आली कुठून? पुढे पडदे आले तेही ८० स्तंभांचे, आणि ते आले जुन्या कार्डाच्या वळणावर. पुठ्ठा गेला, छिद्रं गेली, माप मात्र राहिलं! त्याच नियमावलीत, नियम कुठे मोडावा हे जाणणं अधिक महत्त्वाचं, असंही बजावलेलं आहे. पण नियम तपासणारं हत्यार निघालं, त्याला नियमावलीचंच नाव मिळालं, आणि लोक त्याचा शब्द प्रमाण मानून एकमेकांवर डाफरू लागले. शेवटी २०१६ मध्ये व्हान रॉसम यांनी स्वतः विनंती केली की या हत्याराचं नाव बदला, आणि ते बदललं गेलं. स्मृती लिहिणाऱ्यावर टीकाकारापासून स्मृती सोडवण्याची पाळी आली, असंच म्हणायचं.

जावास्क्रिप्ट भाषेत दोन टोकं दिसली. डग्लस क्रॉकफर्ड यांचा २००२ चा 'जेएसलिंट' मोठा करडा. तो तुमचं मन दुखावेल, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. २०१३ मध्ये निकोलस झकास यांचा 'ईएसलिंट' आला, त्यात प्रत्येक नियम चालू किंवा बंद करता येतो. लोकांनी दुसरा उचलला, यात नवल नाही.

मला मात्र गो भाषेचा तोडगा सर्वांत मार्मिक वाटतो. गूगल कंपनीत रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि युनिक्सचे केन टॉम्पसन यांनी रचलेली ही भाषा नोव्हेंबर २००९ मध्ये जगापुढे आली. तिच्याबरोबर 'गोफम्ट' नावाचं हत्यार होतं. ते तक्रार करीत नाही, सरळ प्रोग्रॅम पुन्हा मांडून देतं. कंस कुठे, ओळ किती आत, यात लिहिणाऱ्याला निवडच नाही. ती मांडणी कोणाची लाडकी नाही, हे पाइक यांनीही कबूल केलं. पण वाद संपला, ही गोष्ट सर्वांना आवडली. माझ्या स्वभावाला ही सक्ती आधी टोचली. मग वाटलं, पंगतीत ताटात मीठ कुठे वाढायचं ते ठरलेलं असतं, म्हणून कोणाच्या सुगरणपणाला बाधा येत नाही.

एवढा सारा खटाटोप सुबकपणासाठीच, असं कोणी म्हणेल. त्याने पुढची हकीकत वाचावी. आकाशवाणीवर बोलताना ओळीची मांडणी दाखवता येत नाही; छापील पानाची तेवढी सोय आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये अॅपल कंपनीने आपल्या फोनसाठी घाईने दुरुस्ती पाठवली. फोनवरून एखाद्या बँकेशी बोलताना पलीकडे खरोखर बँकच आहे का, हे सहीवरून पडताळणारा प्रोग्रॅमचा एक तुकडा होता. मराठीत उतरवला तर त्याचं रूप साधारण असं:

जर हिशेबात चूक आली तर
    शेवटाकडे जा
    शेवटाकडे जा
जर सही खोटी निघाली तर
    शेवटाकडे जा

'शेवटाकडे जा' ही ओळ चुकून दोनदा पडली आहे. डोळ्याला काय वाटतं? दोन्ही ओळी आत सरकलेल्या, म्हणजे दोन्ही 'जर'च्या हुकमातल्या. एकच गोष्ट दोनदा सांगितली, बिघडलं काय? पण सी भाषेत महिरपी कंस नसला तर 'जर'खाली एकच आज्ञा येते. दुसरी ओळ 'जर'च्या बाहेरची. ती बिनशर्त पाळली जाते. यंत्र प्रत्येक वेळी शेवटाकडे जाई, सहीची पडताळणी होतच नसे, आणि आतापर्यंत चूक आलेली नाही म्हणून 'सर्व ठीक' असा निरोप देई. वाटेत बसलेल्या लबाडाला स्वतःला बँक म्हणवून घेण्याची ती उघडी वाट होती.

माणसाने मांडणी वाचली, यंत्राने चिन्हं वाचली. आणि खालच्या 'सही खोटी निघाली तर' या ओळीपर्यंत यंत्र कधी पोचत नव्हतं. लिंट १९७८ साली जी तक्रार करीत होता, तीच ही. छत्तीस वर्षांपूर्वीच्या आजोबांनी हाक मारली असती. त्यांना विचारलं गेलं नाही किंवा ऐकलं गेलं नाही. पुढे २०१६ मध्ये जीसीसी या कंपायलरने 'ही मांडणी फसवी आहे' अशी स्वतंत्र सूचना देणं सुरू केलं. ओळ आत सरकली आहे पण हुकमात नाही, असं दिसलं की तो बोलतो. जी मोकळी जागा यंत्राच्या खिजगणतीतही नव्हती, तिच्याकडे यंत्राला माणसाच्या डोळ्याने बघायला शिकवलं गेलं. माझ्या मते या सबंध इतिहासातलं हे खरं वळण.

मग न ऐकण्याचं कारण काय? कोव्हेरिटी या तपासनीस हत्याराच्या कर्त्यांनी २०१० साली आपला अनुभव प्रामाणिकपणे लिहिला आहे. तक्रारींपैकी तीस टक्क्यांहून अधिक खोट्या निघू लागल्या की लोक सगळ्याच तक्रारींकडे काणाडोळा करतात. लांडगा आला रे आला! म्हणून या विद्येत थोडं बोलणं आणि खरं बोलणं याला फार किंमत आहे. आपल्याकडेही या बाजूला काम झालं आहे. पवईच्या आयआयटीतले उदय खेडकर आणि त्यांचे सहकारी यांचा, प्रोग्रॅम न चालवता त्यातल्या किमतींचा प्रवास कसा ताडायचा या विषयावरचा ग्रंथ २००९ मध्ये निघाला. पुण्यात १९८१ साली निघालेल्या टाटांच्या संशोधनकेंद्रातही ही हत्यारं घडवण्याचं काम झालं.

आता त्या फीच्या प्रोग्रॅमकडे. विद्यार्थ्याने तो आधी मांडणीच्या हत्यारातून काढला. ओळी जागच्या जागी बसल्या. मग तपासनीस लावला. तक्रारींची भली मोठी यादी निघाली; त्यातल्या पुष्कळशा किरकोळ, दोन-तीन खऱ्या. कधीही न पोचणाऱ्या ओळी त्याने काढून टाकल्या. फाट्यांचं जंगल तोडून लहान लहान तुकडे केले. माझ्या घरी बसून त्याने ते दाखवलं, आणि मला, संगणकाचा गंध नसलेल्याला, 'जर'च्या खाली काय येतं ते दिसू लागलं.

तरी विलंब-आकार कुठून येतो, ते कळेना. 'टी२' नावाचं एक चल होतं. ते वापरलेलं होतं, वेळेवर भरलेलं होतं, नियमात बसणारं होतं. तपासनिसाचं त्याच्याविषयी काही म्हणणं नव्हतं. 'टी२' म्हणजे काय, हे मात्र प्रोग्रॅममध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शेवटी त्या संस्थेतून निवृत्त झालेल्या एका हेडक्लार्कबाईंचा पत्ता काढला. विद्यार्थ्याने फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, ते दुसरं टर्म. वसतिगृहातल्या मुलांची मुदत पंधरा दिवसांनी पुढे असायची, ती त्यात धरलेली होती. वसतिगृह बंद झालं, मग ते तसंच राहिलं असेल."

त्याने 'टी२'चं नाव बदलून 'वसतिगृह-मुदत' केलं, आणि चुकीची ओळ त्याच्या समोरच होती.